आंबा संपला की पेज का झोपतं?

प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यात सव्वाशे कलमं आहेत, घरचा हापूस थेट गिऱ्हाइकाला विकतात. इन्स्टाग्रामवर ६,००० च्या वर फॉलोअर, शिवाय फेसबुक पेज आणि व्हॉट्सॲप. एप्रिल-मेमध्ये मेसेजना उत्तरं द्यायला हात पुरत नाहीत. जून लागला की पोस्टला पंधरा-वीस लाइक, त्यातले निम्मे घरचेच. आणि पुढच्या मार्चमध्ये ‘पहिली पेटी निघाली’ अशी पोस्ट टाकली तर ती कुणाच्या नजरेलाच पडत नाही. रोज पोस्ट टाकू का, असं ताईंनी विचारलंय.

ताई, रोज नको. आठवड्यातून एकदा टाका, पण ज्यांनी तुमचा आंबा खाल्लाय त्यांना समोर धरून टाका. तुम्ही सहा हजारांच्या काळजीत आहात. मी आधी गेल्या मोसमात पेटी नेलेल्या दोन-अडीचशे घरांची काळजी केली असती. ती घरं बोलती राहिली तर पोस्ट बाकीच्यांपर्यंत न्यायचं काम तीच करतात.

मी दहा-अकरा वर्षं छोट्या धंद्यांची फेसबुक-इन्स्टाग्रामवरची पानं सांभाळतेय. चार बागायतदार आहेत, एक बेकरी, एक साड्यांचं दुकान. माहेर रत्नागिरीजवळचं, त्यामुळे आढी लावताना, म्हणजे आंबे पिकायला पेंढ्यात रचताना, बोलणी खाऊनच मोठी झाले आहे.

आधी पोस्ट दिसत का नाही ते बघू. इन्स्टाग्रामने २०१६ मध्येच टाकलेल्या क्रमाने पोस्ट दाखवणं सोडलं. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट आधी, धंद्याची पानं मागे. तेव्हापासून फॉलोअर आहे म्हणजे पोस्ट पोचेलच, असं राहिलं नाही. माणूस पोस्टवर किती वेळ थांबला, लाइक केलं का, कुणाला पाठवली का, यावर ॲप ठरवतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला याच तीन गोष्टी सांगितल्या होत्या, आणि अनोळखी माणसापर्यंत पोचायचं असेल तर पुढे पाठवण्याला वजन जास्त, हेही. आता तुमचं बघा. जून ते फेब्रुवारी तुम्ही जवळजवळ गप्प, गिऱ्हाईकही गप्प. ॲपच्या हिशेबी तुमची-त्याची ओळखच मोडली. मग मार्चमध्ये एकदम हाक मारली तर ती पोचणार कशी?

यावर उपाय म्हणून ‘रोज काहीतरी टाका’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. टाकायला काही नसताना रोज टाकलं की काय होतं ते आपण बघतोच. एकादशीच्या शुभेच्छा, पौर्णिमेच्या शुभेच्छा, जागतिक अमुक दिन, मागे विकतचा सोनेरी पडदा आणि कोपऱ्यात आंब्याचा लोगो. लोकांचा अंगठा त्यावर क्षणभरही थांबत नाही, आणि ॲपला तेवढंच कळतं. दसऱ्याला काही टाकायचंच असेल तर भिजलेल्या बागेत कोयत्याची पूजा केलीत त्याचा फोटो टाका. दुसऱ्या कुणाकडे तो असणार नाही.

माझी स्वतःची एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी एका बागायतदाराच्या पानावर मी ‘तीन मित्रांना टॅग करा आणि एक पेटी जिंका’ असं ठेवलं होतं. आठवड्यात फॉलोअर जवळजवळ दुप्पट. दादा खूश, मी त्यांच्याहून खूश. पेटी जिला लागली त्या बाईंचं खातं उघडून बघितलं तर रोज चार-पाच स्पर्धा, मिक्सरपासून बेडशीटपर्यंत. आलेले बहुतेक तसलेच निघाले. पुढच्या आठवड्यात मोहोराची पोस्ट टाकली, ती त्यांच्यासमोर गेली, ते थांबले नाहीत, आणि ॲपने ती जुन्या गिऱ्हाइकांनाही नेहमीपेक्षा कमी दाखवली. आकडा फुगला आणि पोच घटली. फेसबुक तर डिसेंबर २०१७ पासून ‘टॅग करा, शेअर करा’ म्हणून मागे लागणाऱ्या पोस्ट मुद्दाम खाली ढकलतं. तेव्हापासून स्पर्धा बंद. फुकटची पेटी द्यायचीच असेल तर तीन वर्षं न चुकता मागवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दारात न सांगता जाऊ दे. तो फोटो टाकल्याशिवाय राहत नाही.

आता विषय काय, हा खरा प्रश्न. साड्यांच्या दुकानाने ‘टाकायला काही नाही’ म्हटलं तर मी समजू शकते, पण आंबेवाल्याने म्हणू नये. तुमचा माल वर्षभर डोळ्यांदेखत घडतो. पावसात बांडगूळ काढणं, झाडाभोवती चर खणून शेणखत घालणं, ऑक्टोबरातली तांबूस पालवी, ती निबर व्हायची वाट बघणं, मग थंडी. मुंबई-पुण्याच्या माणसाला आंबा पेटीत उगवतो असंच वाटत असतं. त्याला एवढं दाखवलं तरी तो थांबतो.

त्यातला सगळ्यात चाललेला प्रकार सांगते, तुम्ही तसाच्या तसा उचला. डिसेंबरात मोहोर आला की हाताशी येणारी एकच फांदी निवडा, तिला लाल दोरी बांधा. दर रविवारी सकाळी त्याच जागी उभं राहून तिचाच फोटो. एका तुऱ्यात शेकडो फुलं असतात, शेवटाला हाती लागतात एखाद-दोन फळं, हे शहरात कुणाला ठाऊक नसतं. कणी धरली, वाटाण्याएवढी झाली, गोटी झाली, सुपारी झाली, अंड्याएवढी झाली, ही आपली रोजची मापं मथळा म्हणून पुरेत. आमच्याकडे एका बागेत वाटाण्याच्या आठवड्याला आम्ही विचारलं, ‘फांदीवर अकरा आहेत. पाडव्याला किती उरतील?’ कुणी आठ म्हणालं, कुणी अकराच्या अकरा. एका आजोबांनी लिहिलं, ‘माका वाटतां, दोनच रवतले.’ पुढच्या रविवारी सात उरले होते, त्याच्या पुढच्या रविवारी उन्हाने चार. फळगळ झाली की लोक हळहळायला लागले. मार्चमध्ये फांदीवर दोनच होते आणि आजोबांच्या कॉमेंटखाली तीसेक लोक त्यांना मानाचा मुजरा करत होते. बक्षीस काहीच नव्हतं. मार्चमध्ये भाव जाहीर केला तेव्हा ही सगळी माणसं जागीच होती. ॲपने दार उघडून द्यायची गरजच पडली नाही.

व्हिडिओ याच बेताचे असू द्या. पंधरा-वीस सेकंद, मोबाइल उभा, आणि पहिल्या दोन सेकंदांत काहीतरी हललं पाहिजे: झेल्यात (आंबे उतरवायच्या जाळीत) पडणारा आंबा, पेंढ्यावर हात, फवारणीचा पंप सुरू होताना. धंद्याच्या खात्याला इन्स्टाग्राम सगळी सिनेमाची गाणी वापरू देत नाही म्हणून बरेच जण कुरकुरतात. मला ते बरंच वाटतं. कातळावरचा वारा आणि पेटीला खिळा ठोकल्याचा आवाज ऐकू येऊ दे. आणि बोला मराठीतच, घरात बोलता तसं. ‘प्रीमियम नैसर्गिक आंब्याचा शाही अनुभव’ असलं बोलणारी दोनशे पानं आहेत, त्यांच्यात तुम्ही कशाला?

हे झालं मोसमाआधीचं. गिऱ्हाईक खरं बांधलं जातं ते पेटी घरी पोचल्यावर. बहुतेक जण तिथेच पाठ फिरवतात. पैसे आले, पार्सल गेलं, विषय संपला. गिऱ्हाइकाचा विषय मात्र तेव्हा सुरू होतो. पेटी उघडली, आंबे हिरवे, आता काय? गच्च बंद ठेवायची की उघडायची? फ्रीजमध्ये? सुरकुत्या पडल्या म्हणजे नासला का? तो गोंधळलेला असतो आणि फोन करायला संकोचतो.

म्हणून पेटी पोचल्यापासून तिसऱ्या दिवशी तुम्हीच निरोप पाठवा. आमचा निरोप असा असतो: ‘काकू, पेटी उघडून आंबे पेंढ्यावर एका थरात मांडा. कच्चा फ्रीजमध्ये ठेवू नका. वास सुटला आणि बोटाला किंचित मऊ लागला की झाला. साल थोडी सुरकुतली तर घाबरू नका, तोच खाण्याचा दिवस. शंका आली तर फोटो पाठवा.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. फोटो येतात. फोटोला उत्तर द्या, ‘उजवीकडचा आज, बाकीचे परवा.’ त्यातला एखादा त्यांना विचारून स्टोरीत लावा. बघणाऱ्यांना तो आपला वाटतो, कारण त्यांच्या स्वयंपाकघरातही तीच स्टीलची परात असते. मग ‘आमचा पण बघा ना’ असे मेसेज सुरू होतात. इन्स्टाग्रामवर ज्याच्याशी मेसेजमधून बोलणं झालं, त्याला तुमची स्टोरी पुढच्या खेपेला ॲप आधी दाखवतं. म्हणजे हे उत्तर देणं तुमच्या धंद्याची जाहिरातच आहे, आणि त्याला बूस्टचा, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याचा, एक रुपया लागत नाही.

तक्रारीचं थोडं खोलात सांगते, कारण पानं इथेच पडतात. हापूस म्हटला की साका आलाच. बाहेरून कळत नाही, कापल्यावर आत पांढरट, भुसभुशीत, आंबट. कुणीतरी फोटोसकट पोस्टखाली लिहितं, ‘पाच आंबे फेकून दिले. फसवणूक.’ रात्री साडेदहाला हे वाचलं की रक्त तापतं, मला माहितेय. माझ्या एका बागायतदार गिऱ्हाइकाने तेव्हा लिहून टाकलं होतं, ‘इतर कोणाचीही तक्रार नाही.’ झालं, खाली आणखी चार जणांनी आपापली तक्रार आणून मांडली. कॉमेंट पुसली तर त्याहून वाईट, तिचा स्क्रीनशॉट आधीच कुठल्यातरी सोसायटीच्या गटात फिरत असतो.

आता आम्ही काय लिहितो ते बघा. ‘दादा, फोटो बघितला. हा साका आहे, आमच्याकडूनच गेला. उन्हाचा तडाखा बसलेल्या फळाला होतो, बाहेरून आम्हालाही दिसत नाही. पाच आंब्यांचे पैसे आज परत करते, की पुढच्या पेटीत पाच जास्त घालू? तुम्ही सांगाल तसं.’ एवढंच, आणि त्याच पोस्टखाली, सगळ्यांसमोर. मग दोन दिवसांनी आपणहून साक्यावर एक पोस्ट. आंबा उभा कापून दाखवायचा, तोडल्यावर फळ उन्हात तापल्या जमिनीवर का ठेवत नाही ते दाखवायचं. मी सांभाळलेल्या आंब्याच्या पानांवर सर्वात जास्त पुढे पाठवल्या गेलेल्या पोस्टपैकी एक ही आहे. आपल्या मालातला दोष आपणच दाखवणारा माणूस लोकांना क्वचित भेटतो.

देवगडच्या नावाने दुसरीकडचा आंबा विकला जातो, त्याबद्दल लिहू का, असंही तुम्ही विचारलंय. जरूर लिहा, पण शिव्याशाप नकोत. कोकणच्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. तुमच्याकडे त्याची नोंदणी असेल तर ते प्रमाणपत्र, सातबारा आणि बाग एका व्हिडिओत दाखवा. शेजारच्या गाडीवाल्याचं नाव घेऊन भांडलात की चार दिवस गर्दी जमते, पण ती भांडण बघायला आलेली असते.

व्हॉट्सॲपचं काम वेगळं. इन्स्टाग्राम म्हणजे ओटी, कुणीही येऊन बसावं. व्हॉट्सॲप म्हणजे माजघर. तिथे ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं, मग ‘पाठवला पण कुणाचं उत्तर नाही’ म्हणून बसतात. पेटीत एक चिठ्ठी टाका, हाताने लिहिलेली असली तर उत्तम: ‘हा नंबर ‘आंबा देवगड’ नावाने सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिली तोड निघाली की तुम्हाला आधी कळवू.’ बिझनेस ॲपमध्ये लेबलं आहेत, ती वापरा. आम्ही लावतो ती अशी: ‘पाडव्याला लागतो’, ‘अक्षय्य तृतीयेला लागतो’, ‘रसासाठी, बारीक चालेल’, ‘आईवडिलांना पाठवतो’. पावसाळ्यानंतर वर्षातून चार-पाच निरोप पुरेत. अनोळखी नंबरांच्या विकत घेतलेल्या याद्यांना हात लावू नका. लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात, आणि ऐन एप्रिलमध्ये नंबर बंद पडला तर कपाळाला हात.

ते शेवटचं लेबल फार कामाचं. अमेरिकेतला किंवा दुबईतला मुलगा, आंबा खाणार पुण्यातले आईबाबा. पैसे एकाचे, जीभ दुसऱ्याची. अशा घरात दोन्हीकडे बोला. आईबाबांना तिसऱ्या दिवसाचा निरोप, आणि त्यांनी रसाच्या वाटीचा फोटो पाठवला तर त्यांना विचारून तो मुलाला. मी हे सहज म्हणून सुरू केलं होतं. पुढच्या वर्षी त्या मुलाने आपल्या मित्रांचे नंबर स्वतः पाठवले.

काही किरकोळ गोष्टी पटापट. ‘भावासाठी मेसेज करा’ असं लिहू नका. डझनाचा भाव, फळाचं वजन, पोचवण्याचा खर्च उघड लिहा. भाव लपवला की मेसेज वाढतात हे खरं, पण त्यातले बरेच भाव ऐकून गप्प होतात आणि तुमची सकाळ जाते. ऑर्डरी ऐन भरात असताना तुम्हाला पोस्ट सुचणार नाही, म्हणून फेब्रुवारीतच आठ-दहा व्हिडिओ काढून ठेवा. एप्रिलमध्ये उत्तरं द्यायला भाचा-पुतण्या कुणीतरी बसवा, पण तक्रारीचं उत्तर तुमच्याच हातचं हवं. बूस्टला पैसे घालायचे तर जी पोस्ट आधीच चाललीय तिच्यावर थोडे, फेब्रुवारीच्या शेवटी. पडलेल्या पोस्टला पैशाने उठवू नका, ती उठत नाही.

वर्ष वाईट गेलं तर? जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ झालं, मे २०२१ ला तौक्ते. तौक्तेच्या दुसऱ्या दिवशी एका बागेतून मी एकच फोटो टाकला होता, झाडाखाली आंब्यांचा सडा आणि खाली ओळ: ‘उरलेल्या ऑर्डरी पूर्ण करता येणार नाहीत. पैसे उद्यापासून परत करतोय, यादीच्या क्रमाने.’ मदत मागितली नाही. निम्म्याहून जास्त लोकांनी लिहिलं, पैसे राहू दे, पुढच्या वर्षीचे धरा. तो फोटो एकदाच टाकला. तोच दर आठवड्याला टाकला असता तर त्याचं रडगाणं झालं असतं. मोहोर कमी असेल, थंडी लांबली असेल तर डिसेंबरातच सांगा. ‘यंदा पेट्या कमी, जुन्यांना आधी’ हे वाक्य लोक मनावर घेतात, फक्त ते खरं असलं पाहिजे. दरवर्षी कमी पेट्या म्हणणाऱ्यांचं हसं होतं.

मोजायचं काय? लाइक नको. एक दोनशेपानी वही घ्या. दर रविवारी तीन आकडे: किती जणांनी आपणहून काही विचारलं, पोस्ट किती जणांनी पुढे पाठवली, आणि बोललेल्यांपैकी किती जणांना तुम्ही नावाने ओळखता. मे संपला की चौथा: गेल्या वर्षीच्या दर शंभर घरांपैकी यंदा किती परत आली. माझ्या अनुभवात हा चौथा आकडा चढत असेल तर फॉलोअर पाचशेने घटले तरी पेट्या शिल्लक राहत नाहीत. एका पानावरून तर मी स्पर्धेतून आलेले फॉलोअर बसून एकेक करून काढले. तीन रात्री गेल्या. नवरा म्हणाला, लोक वाढवायचे पैसे घेतेस ना?

तुमचा प्रश्न ऑगस्टात आलाय, म्हणजे पालवीला अजून वेळ आहे. पोस्टचं नंतर बघू. आज संध्याकाळी वही उघडा, मेमधल्या शेवटच्या दहा ऑर्डरी काढा आणि एकेकाला वेगळा निरोप लिहा, कॉपी-पेस्ट नको: ‘काकू, मेअखेरच्या पेटीतले किती पिकले, किती टाकावे लागले? खरं सांगा, पावसाच्या तोंडावरचा माल होता.’ दहातल्या तिघी-चौघी तरी उत्तर देतील. एखादी रागावलेलीही असेल, तिला आधी फोन करा.